नव्या सायकलचा डिस्क ब्रेक ओरडतोय? पाना उचलण्याआधी आवाज ऐका

नवी सायकल घरी आली की पहिल्या आठवड्यात एक प्रसंग बहुतेकांच्या वाट्याला येतो. उतारावरून गेटपाशी येऊन ब्रेक दाबावा आणि अशी किंकाळी निघावी की वॉचमनने वळून बघावं. पंधरा-वीस हजार मोजलेले असतात, त्यामुळे लगेच मनात येतं की आपण फसलो, सायकलच सदोष निघाली.

बहुतेक वेळा तसं काही नसतं. पुण्यात आमच्या सोसायटीत रविवारी सकाळी मी शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या सायकली बघतो. नव्या सायकलचा ब्रेक वाजतो म्हणून जे येतात, त्यांच्या सायकलीत नवा भाग घालायची वेळ क्वचितच येते. एखादा बोल्ट, चाकाची बैठक, थोडी स्वच्छता आणि वीस-तीस वेळा नीट दाबलेला ब्रेक, एवढ्यात काम होतं. मात्र कुठल्या आवाजाला काय करायचं हे कळायला हवं. चुकीचा उपाय केला तर साधा आवाज खऱ्या बिघाडात बदलतो.

तेलाची कुपी लांब ठेवा

आपल्या घरांत अजून जुन्या काळ्या सायकलीची सवय आहे. काही कुरकुरलं की कुपी काढायची आणि दोन थेंब सोडायचे. त्या सायकलीला ते चालायचं, कारण तेल चाकाच्या मधोमध असलेल्या हबमध्ये जायचं आणि ब्रेकचे रबर रिमवर दाबले जायचे. डिस्क ब्रेक म्हणजे चाकाला जोडलेली पोलादी चकती आणि तिला दाबून धरणारे पॅड. तो घर्षणावरच चालतो, तिथे तेलाचं काहीच काम नाही. आमच्याकडे एका आजोबांनी नातवाच्या सायकलची चीं-चीं थांबावी म्हणून मायेने डिस्कवर शिलाई मशीनचं तेल सोडलं. आवाज बंद झाला, पण त्याबरोबर ब्रेकही गेला. पोरगा पार्किंगच्या उतारावरून थेट भिंतीवर जाऊन आदळला. खरचटण्यावर निभावलं म्हणून बरं.

तेल, ग्रीस, खोबरेल, डब्ल्यूडी-४०, गाडीचं पॉलिश यांपैकी काहीही डिस्कला किंवा पॅडला लागता कामा नये. बोटांचा तेलकटपणाही लागू देऊ नका. डिस्क धरायची वेळ आली तर कडेने किंवा स्वच्छ फडक्याने धरा. दसऱ्याला नव्या सायकलची पूजा जरूर करा, फक्त हळद-कुंकू हँडलला लावा आणि नारळाचं पाणी टायरवर पडेल असं बघा.

दुसरी गोष्ट जिवाची आहे. चाक फिरत असताना डिस्कजवळ बोट न्यायचं नाही. त्या चकतीला भोकं असतात आणि फिरताना ती बोट कापू शकते. लहान मुलं जवळ असतील तर त्यांना आधी बाजूला करा. घाट उतरून आल्यावर डिस्क तव्यासारखी तापलेली असते, तेव्हाही हात लावू नका.

कुठे काय असतं

चाकाच्या डाव्या बाजूला हबला जोडलेली पोलादी चकती म्हणजे डिस्क. साध्या सायकलींवर ती बहुतेक १६० मिलिमीटर व्यासाची असते आणि तिची जाडी दोन मिलिमीटरच्याही आत असते. तिला दोन्ही अंगांनी कवेत घेणारा ठोकळा म्हणजे कॅलिपर. त्याच्या आत दोन पॅड असतात. लिव्हर दाबला की पॅड डिस्कला चिमटीत धरतात. स्वस्त आणि मध्यम किमतीच्या सायकलींत हे काम वायर करते, महाग सायकलींत तेल भरलेली नळी. वायरवाल्याला मेकॅनिकल म्हणतात, नळीवाल्याला हायड्रॉलिक.

ब्रेक सोडलेला असताना पॅड आणि डिस्क यांच्यात फार तर दाढीची तीन-चार पाती मावतील एवढीच फट असते. त्यामुळे चाक केसभर तिरपं बसलं तरी काहीतरी कुठेतरी घासतं.

आता ऐका

सायकल उभी धरा, एक चाक उचला आणि हाताने फिरवा. ब्रेक दाबू नका. अखंड सर्रर ऐकू आलं तर कॅलिपर मधोमध नाही, एक पॅड कायम टेकलेला आहे. प्रत्येक फेऱ्याला एकदाच खस्… खस्… आलं तर डिस्क एका जागी वाकलेली आहे. चाकाच्या रिमला जसा ‘आऊट’ असतो तसाच डिस्कलाही असतो.

मग सायकल चालवत ब्रेक दाबून बघा. बारीक, उंच चीं येत असेल तर पॅड अजून डिस्कवर बसलेले नाहीत, नाहीतर त्यांना तेलकट काहीतरी लागलं आहे. आवाज जाड असेल, घुर्रर करत हँडल आणि चिमटा थरथरत असेल, तर आधी ढिल्या बोल्टचा संशय घ्या. धातूने धातू खरवडल्यासारखा आवाज आला तर सायकल तिथेच थांबवा. पॅड चुकीचा बसला असेल, नाहीतर त्याची घासणारी बाजू संपली असेल.

ती किंकाळी निघते कशी? ओलं बोट काचेच्या पेल्याच्या काठावरून फिरवलं तर पेला गातो. पॅड डिस्कला धरतो, सुटतो, पुन्हा धरतो, हे एका सेकंदात शेकडो-हजारो वेळा होतं आणि पातळ डिस्क झांजेसारखी वाजू लागते. पॅडची पकड एकसारखी झाली आणि सगळे भाग घट्ट बसले की ती थांबते.

कधी कधी आवाज ब्रेकचा नसतोच. साइड स्टँड डिस्कला टेकतो, मडगार्डची तार घासते, केबलचं टोक आऱ्यांना लागतं. आणि खोक्यातून आलेल्या सायकलीच्या कॅलिपरमध्ये कधीमधी पॅकिंगचा प्लास्टिकचा तुकडा तसाच राहिलेला असतो. हे सगळं दोन मिनिटांत बघून होतं, म्हणून आधी बघा.

चाक नीट बसलंय का

पुढचं चाक क्विक रिलीजचं, म्हणजे पान्याशिवाय नुसत्या लिव्हरने सुटणारं असेल तर निम्म्या तक्रारी इथेच मिटतात. दुकानदार चाक लावतो, आपण गाडीत घालायला काढतो, परत बसवताना ते किंचित तिरपं राहतं. सायकल दोन्ही चाकांवर जमिनीवर उभी करा. ती उलटी करून हे काम करू नका. क्विक रिलीजचा लिव्हर सोडा, हँडलवर दोन्ही हातांनी भार देऊन चाकाचा आस चिमट्याच्या खाचेत पुरता बसू द्या आणि मग लिव्हर बंद करा. बंद करताना तळहातावर वळ उमटेल इतका जोर लागला पाहिजे. सहज बंद झाला तर तो ढिला आहे, समोरचं नट थोडं आवळून पुन्हा बंद करा.

लिव्हर चाकाच्या उजव्या बाजूला, म्हणजे डिस्कच्या विरुद्ध अंगाला ठेवायची सवय लावा. २०१५ मध्ये ट्रेक कंपनीने डिस्क ब्रेकच्या लाखो सायकली याच भागापायी परत बोलावल्या होत्या. त्या सायकलींवर सैल राहिलेला लिव्हर नको इतका मागे वळून पुढच्या डिस्कमध्ये अडकू शकत होता. हा धोका कुठल्याही सायकलवर टाळलेलाच बरा.

मागच्या चाकाला नट असतील तर १५ नंबरचा पाना घ्या आणि दोन्ही नट आळीपाळीने आवळा. आवळताना चाक चिमट्याच्या दोन्ही बाजूंपासून सारख्या अंतरावर आहे ना, ते बघत राहा.

बोल्ट

कॅलिपरला सायकलशी धरणारे दोन बोल्ट असतात, बहुतेक ५ मिलिमीटरच्या अ‍ॅलन कीचे (षटकोनी किल्लीचे). कॅलिपरखाली वेगळा ब्रॅकेट असेल तर त्याचे आणखी दोन. डिस्क हबला सहा छोट्या बोल्टनी बसलेली असते. त्यांच्या डोक्यावर चांदणीसारखी खाच असते आणि त्यांना टी-२५ मापाची टॉर्क्स की लागते. हे सगळे तपासा. कॅलिपरच्या बोल्टना ६ ते ८ न्यूटन-मीटर एवढा आवळायचा जोर पुरतो. हा जोर मोजणारा पाना, म्हणजे टॉर्क रेंच, नसेल तर साधी अ‍ॅलन की हातात धरून मनगटाच्या जोराने आवळा. कीला पाइप लावून जोर देऊ नका, अ‍ॅल्युमिनियमच्या चिमट्यातले आटे गेले की खर्च मोठा. डिस्कचे सहा बोल्ट याहून नाजूक असतात. ते एकापाठोपाठ एक न आवळता समोरासमोरचे आवळत जा, म्हणजे डिस्क एका बाजूला ओढली जात नाही.

कॅलिपर मधोमध आणणं

कॅलिपर जुळवायला शिकलात की ब्रेकच्या आवाजाची भीती कायमची जाते, म्हणून इथे थोडा वेळ द्या.

मेकॅनिकल ब्रेकची एक खोड आधी समजून घ्या. बहुतेक स्वस्त कॅलिपरमध्ये फक्त बाहेरचा पॅड हलतो, ज्या बाजूला वायरची दांडी असते तो. आऱ्यांकडचा आतला पॅड स्थिर असतो. ब्रेक दाबला की बाहेरचा पॅड डिस्कला किंचित वाकवून आतल्या पॅडवर नेऊन टेकवतो. म्हणजे आतला पॅड डिस्कच्या अगदी जवळ हवा, पण टेकलेला नको. तो पुढे-मागे करायला आऱ्यांच्या बाजूने एक चकती किंवा अ‍ॅलन कीची खाच असते.

एक जुनं व्हिजिटिंग कार्ड घ्या. कॅलिपरचे दोन्ही बोल्ट एक-एक वळसा सैल करा, म्हणजे कॅलिपर हाताने डावी-उजवीकडे सरकेल. कार्ड आतला पॅड आणि डिस्क यांच्यामध्ये सरकवा. मावत नसेल तर आतला पॅड थोडा मागे घ्या. आता ब्रेकचा लिव्हर घट्ट दाबा आणि दाबलेलाच ठेवा. मदतीला कोणी नसेल तर जुन्या ट्यूबची पट्टी कापून लिव्हर हँडलला बांधा. कॅलिपर आपोआप डिस्कला समांतर येतो. बोल्ट आवळा, पण एक पाव वळसा इकडे आणि एक पाव तिकडे. एकच बोल्ट पुरता आवळला तर कॅलिपर त्याच्याबरोबर फिरतो आणि सगळं मुसळ केरात.

लिव्हर सोडा, कार्ड काढा, चाक फिरवा. कॅलिपरमागे पांढरा कागद धरून फटीतून बघितलं की डिस्कच्या दोन्ही अंगांना उजेडाची बारीक रेघ दिसायला हवी. आतल्या बाजूला रेघ दिसत नसेल तर आतला पॅड पाव वळसा मागे घ्या. बाहेरच्या बाजूला घासत असेल तर ब्रेकच्या वायरवरचं अ‍ॅडजस्टर फिरवून वायरला थोडी सैल द्या. पहिल्या खेपेला जमलं नाही तर बोल्ट सैल करून पुन्हा करा. मला स्वतःला तिसऱ्या-चौथ्या खेपेला हात बसला होता.

शेवटी लिव्हर जोरात दाबून बघा. तो हँडलला टेकत असेल तर वायर फार सैल झाली आहे, अ‍ॅडजस्टरने ताणून घ्या. नवी वायर पहिल्या काही आठवड्यांत थोडी सैलावते, त्यामुळे हे पुन्हा एकदा करावं लागणारच.

हायड्रॉलिक ब्रेकमध्ये दोन्ही पॅड सारखेच हलतात, म्हणून कार्डही लागत नाही. बोल्ट सैल करा, लिव्हर दाबून धरा, आळीपाळीने आवळा. फक्त एक पथ्य पाळा. चाक काढलेलं असताना लिव्हर दाबू नका. दाबला तर पॅड एकमेकांना चिकटतात आणि डिस्क आत जात नाही. चाक काढून सायकल न्यायची असेल तर पॅडच्या मध्ये प्लास्टिकचा तुकडा किंवा जाड पुठ्ठा अडकवा. नळीतून तेल गळताना दिसलं किंवा लिव्हर स्पंजासारखा मऊ लागला तर ते घरचं काम नाही. काही कंपन्यांच्या ब्रेकना मिनरल ऑइल लागतं, काहींना डॉट फ्लुइड, आणि एकाच्या जागी दुसरं घातलं तर आतले रबरी सील खराब होतात.

पॅड बसवून घेणं

दुकानात सायकल हातात देताना ही गोष्ट सांगितली पाहिजे, आणि बहुतेक ठिकाणी ती सांगतच नाहीत. नवे पॅड आणि नवी डिस्क एकमेकांना अनोळखी असतात. ब्रेक दाबत गेलं की पॅडच्या मालाचा एक पातळ थर डिस्कवर चढतो, तो थर एकसारखा चढला की पकड येते आणि आवाज जातो. पहिल्याच दिवशी घाट उतरला, किंवा आठवडाभर नुसताच हलका ब्रेक मारत राहिलात, तर हा थर ठिगळासारखा चढतो आणि सायकल ओरडत राहते.

आधी डिस्क पुसून घ्या. आयसोप्रोपिल अल्कोहोल औषधांच्या दुकानात किंवा इलेक्ट्रॉनिक्सचं सामान विकणाऱ्यांकडे मिळतं. ते स्वच्छ सुती फडक्यावर घेऊन डिस्कच्या दोन्ही बाजू पुसा, फडकं काळं येणं थांबेपर्यंत. हँड सॅनिटायझर वापरू नका, त्यात हात मऊ राहावेत म्हणून ग्लिसरीनसारखं काही मिसळलेलं असतं. पेट्रोल आणि रॉकेलही नको.

मग पहाटे, रहदारी नसताना, एखादा सपाट किंवा किंचित उताराचा रस्ता गाठा. ताशी वीस-पंचवीस किलोमीटरचा वेग घ्या. एकच ब्रेक घट्ट पण सावकाश दाबा आणि चालण्याच्या वेगापर्यंत या. पूर्ण थांबू नका आणि चाक जाम होऊ देऊ नका. ब्रेक सोडा, पुन्हा वेग घ्या. असं वीस वेळा एका ब्रेकने, वीस वेळा दुसऱ्याने. पुढच्या ब्रेकच्या वेळी सीटवर मागे सरकून बसा आणि हात ताठ ठेवा, नाहीतर तोल पुढे जातो. आपल्याकडे बहुतेक सायकलींवर उजवा लिव्हर पुढच्या ब्रेकचा असतो, तरी आधी हळू चालवत खात्री करून घ्या. दहा-बारा फेऱ्यांनंतर लिव्हरखाली पकड वाढल्याचं हाताला कळतं, आणि आवाजही त्याच सुमारास उतरायला लागतो. मध्ये दोन-तीन मिनिटं थांबून डिस्क निवू द्या.

तरीही चीं-चीं थांबली नाही तर

मग पॅडला काहीतरी लागलं आहे असं धरून चाला. चेनवर मारलेल्या स्प्रेचा तुषार आऱ्यांमधून पलीकडे डिस्कवर गेलेला असतो, नाहीतर वॉशिंग सेंटरवर धुतल्यावर चमक यावी म्हणून फवारलेलं काहीतरी. चेनला तेल देताना थेंबाथेंबाने द्या आणि डिस्कवर जुनं वर्तमानपत्र लावा.

चाक काढा. पॅड एका पिनेने किंवा छोट्या बोल्टने अडकवलेले असतात. ती काढली की दोन पॅड आणि मधली स्प्रिंग एकत्र बाहेर येतात. काढण्याआधी मोबाइलवर फोटो काढून ठेवा, म्हणजे कुठला पॅड कुठे होता याचा घोळ होत नाही. पॅडची घासणारी बाजू काचेसारखी चमकत असेल तर ती भाजून गुळगुळीत झाली आहे. सपाट फरशीवर दीडशे-दोनशे नंबरचा पॉलिश पेपर ठेवा, त्यावर पॅड इंग्रजी आठच्या आकड्यासारखा फिरवा आणि पृष्ठभाग सगळीकडे सारखा धुरकट दिसला की थांबा. तो भुगा नाका-तोंडात जाऊ देऊ नका, तोंडाला रुमाल बांधा. डिस्क पुन्हा अल्कोहोलने पुसा, पॅड लावा आणि वरच्या वीस-वीस फेऱ्या पुन्हा करा.

पॅड तेलाने भिजला असेल तर तो वाचवायच्या फंदात पडू नका. लोक गॅसवर भाजतात, धुतात, पुन्हा भाजतात. माझ्या अनुभवात तो आवाज चार दिवसांत परत येतो, आणि ब्रेकच्या बाबतीत अर्धवट खात्री चालत नाही. साध्या कॅलिपरचे पॅड काही शे रुपयांत मिळतात. जुना पॅड सोबत नेऊन आकार जुळवून घ्या. डिस्कवर ‘रेझिन पॅड ओन्ली’ असं कोरलेलं असेल तर तिच्यावर धातूचे पॅड लावायचे नाहीत, ती डिस्क त्यांच्यापुढे लवकर झिजते. घासणारा थर अर्ध्या मिलिमीटरवर आला म्हणजे पॅड संपला. मी एक मिलिमीटरलाच बदला म्हणेन, कारण शेवटच्या दिवसांत पाऊस लागला तर तो झपाट्याने उतरतो.

डिस्कचा आऊट

डिस्क बहुतेक वाहतुकीत वाकते. डिकीत किंवा टेम्पोत सायकल आडवी ठेवायची झाली तर डावी बाजू वर ठेवा. किंचित वाकलेली डिस्क घरी सरळ करता येते. चाक सावकाश फिरवत कुठे घासतं ते बघा, तिथे हबजवळच्या दांड्यावर पेनने खूण करा. ती जागा कॅलिपरपासून दूर आणा, स्वच्छ कागदात धरून हाताने विरुद्ध बाजूला हलकेच दाबा, पुन्हा फिरवून बघा. मोठ्या जोराने एकदा दाबण्यापेक्षा हलक्या जोराने दहा वेळा दाबलेलं बरं. डोळ्याला लांबूनही डुलताना दिसेल इतकी ती वाकलेली असेल तर बदला. सायकल नवी आणि अजून वॉरंटीत असेल तर हात न लावता दुकानात न्या.

पावसाळ्यात

ओली डिस्क ओरडतेच. डबक्यातून गेल्यावर पहिले दोन-तीन ब्रेक कर्कश वाजतात, पाणी निघून गेलं की आवाज थांबतो. त्यासाठी काहीही करायचं नाही. पॅड कोरडे झाल्यावरही आवाज राहिला तर चिखलातली वाळू अडकली आहे. साध्या पाण्याच्या धारेने कॅलिपर धुवा, जोराच्या प्रेशरने नको, आणि फडक्याने पुसून थोडं चालवून वाळवा. सिंहगडासारखा लांब उतार ओल्यात उतरताना ब्रेक सतत दाबून ठेवू नका, थोडा दाबा, सोडा, पुन्हा दाबा, म्हणजे डिस्क आणि पॅड निवत राहतात.

यातलं सगळं करून आवाज राहिला आणि मेकॅनिककडे जायची वेळ आली, तर ‘ब्रेक वाजतो’ एवढंच सांगू नका. पुढचा की मागचा, दाबल्यावर की न दाबता, सतत की फेऱ्याला एकदा, कोरड्यात की ओल्यात, आणि डिस्कजवळ तेल-स्प्रे काही गेलं होतं का, हे सांगा. आवाज मोबाइलवर रेकॉर्ड करून नेलात तर उत्तम, दुकानात गेल्यावर नेमका तो निघत नाही.